थोरलीचं गप्प कपाळ

सख्ख्या जावा एकाच काचेची दोन टोकं धरून वर्षानुवर्षं चालू शकतात, हे सांगून कुणाला पटायचं नाही. पण थोरली आणि धाकटी चालत होत्या. घरचं दुकान काचांचं आणि आरशांचं. पुढे गल्ल्यावर थोरलीचा नवरा, मागे काच कापायचं लांबलचक टेबल आणि त्याच्याही मागे कडा घासायचं यंत्र. ते सुरू झालं की दातसुद्धा झिणझिणायचे. म्हणून कानांत बोळे घालून दोघी काचा हलवायच्या. हात गुंतलेले, कान बंद. मग बोलायचं कशानं? भुवयांनी.

कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, आपोआप जमत गेलं. थोरली सरळ चालायची आणि धाकटी तिच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी. थोरलीची डावी भुवई वर गेली की डावीकडे वळायचं, उजवी गेली की उजवीकडे. दोन्ही एकदम वर गेल्या की जिथे असशील तिथे थांब. "नवऱ्याचा स्वभाव कळायच्या आधी मला ताईंच्या भुवया कळल्या," असं धाकटी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आरशांच्या दुकानात वय वाढणं मोठं कठीण. इतर बायका सकाळी एकदा आरसा बघतात आणि सुटतात. थोरलीला मात्र दिवसभर चहूबाजूंनी थोरलीच दिसायची. पापण्यांवरची कातडी सुटून उशीच्या सैल खोळीसारखी डोळ्यांवर आली होती. नवरा विचारायचा, "दमलीस का?" शेजारीण विचारायची, "झोप नाही झाली वाटतं?" ती चांगली आठ तास झोपून उठलेली असायची.

एकदा एक गिऱ्हाईक धाकटीला म्हणालं, "भाव जरा तुमच्या सासूबाईंना विचारून सांगा ना." आणि बोट दाखवलं थोरलीकडे. धाकटी पोट धरून हसली. "अहो सासूबाई, भाव सांगा की!" थोरलीही हसली. पण त्या संध्याकाळी दुकान बंद करताना तिने एकाही आरशाकडे मान वळवून पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात, बँकेत जाते असं सांगून, ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी कपाळावरच्या आठ्या पाहिल्या, पापण्या बोटाने उचलून पाहिल्या.

"पापण्यांचं काम शस्त्रक्रियेचं आहे. जादा कातडी काढावी लागेल. बोटॉक्सच्या सुईने फक्त आठ्या जातील."

"सुईचंच करा. सुरी नको."

"एक विचारते. नीट दिसावं म्हणून दिवसभर भुवया उचलून धरता का? तसं असेल तर ही सुई देणार नाही मी. कपाळाने पापण्या तोलून धरलेल्या असतात. कपाळ ढिलं पडलं की त्या आणखी खाली येतील."

आता हो म्हटलं तर बाई सुरीकडेच पाठवणार. थोरलीने कपाळ मोठ्या निग्रहाने सैल सोडलं आणि म्हणाली, "छे, मुळीच नाही."

"काम काय करता?"

"दुकान आहे घरचं."

दुकान कशाचं, हे तिने सांगितलं नाही.

काही दिवसांत आठ्या गेल्या. कपाळ नवी काच बसवल्यासारखं गुळगुळीत झालं, आणि काचेसारखंच मुकं. पापण्या मात्र बाईंनी बजावलं होतं तशाच आणखी उतरल्या. समोरच्या माणसाचं तोंड दिसायला तिला हनुवटी वर करावी लागे. "भारी तोऱ्यात असतात हल्ली," शेजारीण म्हणाली. न्हाणीघराला कडी लावून थोरली आरशासमोर भुवया उचलायचा प्रयत्न करी. जोर लावून लावून मान दुखून यायची, भुवई तसूभर हलत नसे. तिने घाबरत बाईंना फोन केला. "सुईचा असर उतरेल हळूहळू. काही महिने जातील. दुसरा इलाज नाही," बाई म्हणाल्या.

काही महिने! आणि काचा तर रोजच्या उचलायच्या.

घरात सांगायचं तर बँकेची थाप उघडी पडणार, वर सासूबाईंवरून झालेला विनोद आयुष्यभर पुरणार. तिने सांगितलं नाही. दोनच दिवसांनी काच नेताना तिने "थांब" म्हणून जीव तोडून कपाळ ताणलं. धाकटी थांबलीच नाही, तिची कंबर टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली. काच वाचली. कंबर चोळत धाकटीने थोरलीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा काच धरली. त्या दिवसापासून ती जेवतानाही कामापुरतंच बोलू लागली. थोरलीच्या मनात एकच घोळत राहिलं. आज कंबर होती, उद्या हिचे हात असतील.

तेवढ्यात मोठं काम आलं. नाचाच्या वर्गासाठी वरच्या मजल्यावर भिंतभर आरसे बसवायचे होते.

"या कामाला दोन गडी बोलावू या," ती नवऱ्याला म्हणाली.

"गडी? तुम्हा दोघींना काय धाड भरलीय?"

"ताईंना माझ्याबरोबर उचलायचं नसेल," धाकटी खाली मान घालून म्हणाली. "तसं स्पष्ट सांगा म्हणावं."

"काहीतरीच काय बोलतेस!" थोरली म्हणाली. यावर पुढे काही बोलायचं, तर सगळंच बोलावं लागलं असतं. गडी आले नाहीत.

जिन्यातून आरसे बिनबोभाट वर गेले. दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, आधीच पोचून भिंतीला भोकं पाडत होता, त्याच्या ड्रिलने अख्खा हॉल दणाणत होता. शेवटचा, सगळ्यात मोठा आरसा घेऊन दोघी आत शिरल्या. धाकटी उलट्या पावलांनी मागे जात होती. थोरलीने हनुवटी वर करून पाहिलं. धाकटीच्या टाचेमागे वीतभर अंतरावर ड्रिलची वायर ताणलेली होती.

तिने भुवया उचलल्या. म्हणजे तिला वाटलं, उचलल्या. धाकटीने एक पाऊल टाकलं. थोरली ओरडली, आवाज ड्रिलमध्ये विरून गेला. आरसा खेचावा तर पीळ बसून तो धाकटीच्या हातांतच फुटणार. सोडावा तर विचारायलाच नको. काय करू, काय करू, आणि पन्नाशी ओलांडलेल्या थोरलीने जीभ बाहेर काढली. चांगली हनुवटीपर्यंत, शाळेतल्या व्रात्य पोरीसारखी.

धाकटी जागीच खिळली. तिची टाच वायरीला टेकली होती.

थोरलीने नजरेनेच बाजूची भिंत दाखवली. जपून, इंचाइंचाने दोघींनी आरसा तिथे टेकवला. धाकटीने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. दिराने ड्रिल बंद केलं.

"ताई, जीभ?"

थोरली जमिनीवरच बसली. "कपाळ मेलंय माझं," ती म्हणाली आणि बँक, सुई, डॉक्टरीणबाई, सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

धाकटी तिच्यासमोर येऊन बसली. "म्हणजे तुम्ही रागावला नव्हतात? त्या सासूबाईवरून मी हसले म्हणून? मला वाटलं, मुद्दाम धडकू दिलंत मला."

"अगं, वेडी का तू!"

"वेडी मी? आज हात गेले असते माझे! भुवया गेल्या तर गेल्या, तोंड तर होतं ना तुम्हाला?" एवढं बोलून ती रडायलाच लागली. रडता रडता म्हणाली, "पुन्हा काढा बघू जीभ. नीट बघितली नाही मी."

कपाळ जागं होईपर्यंत दोघींनी एकही मोठी काच उचलली नाही. गडी आले. दुकानात सगळ्यांना सगळं कळलं आणि विनोदही व्हायचे तेवढे झाले. हिवाळा सरता सरता एका सकाळी चहा गाळताना धाकटी एकदम ओरडली, "डावी हलली!"

मग पापण्यांच्या शस्त्रक्रियेसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोघी मिळून गेल्या. डॉक्टरांनी प्रश्न विचारला की थोरलीच्या आधी धाकटीच उत्तर द्यायची. "दिवसभर भुवया उचलतात. काचा उचलतात. आणि घाबरल्या की खोटं बोलतात, तेही लिहून ठेवा." थोरली तिला चिमटा काढत राहिली. डोळे नीट मिटतील ना, चेहरा परका तर दिसणार नाही ना, हे तिने तीन-तीनदा विचारलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी नर्स तिला आत न्यायला आली. दाराशी थोरली वळली. तिने दोन्ही भुवया वर उचलल्या.

धाकटीने हातातली पिशवी बाकाखाली सरकवली आणि भिंतीला पाठ टेकून बसली.

"थांबलेय," ती म्हणाली. "जा तुम्ही."