ज्ञानी लोक अजून वाटेत

तबिताला झोप लागली म्हणावं तर डोळे उघडे आहेत, आणि जागी म्हणावं तर समोरच्या दाराची चौकट मघापासून हळूहळू हलते आहे. दुपारची वेळ. उद्या नाताळ. एरवी आजच्या दिवशी तिला पाठ टेकायला सवड कुठली मिळायला! करंज्या तळून होतात न होतात तोवर चकलीचं पीठ सैल पडलेलं असायचं, आणि मागून सासूचा आवाज, "अगं गॅस बारीक कर, जळतंय सगळं." यंदा घरात कढईच चढलेली नाही. सासू जाऊन अजून महिना झालेला नाही. दुःखाच्या घरात तळण करत नाहीत, शेजारपाजारचे लोक फराळाची ताटं आणून देतात. तशी ताटं ओट्यावर पेपरखाली झाकून ठेवली आहेत. तबिताने त्यातला एक तुकडाही तोंडात टाकलेला नाही.

ती पडली आहे सासूच्याच खाटेवर. इथून दारावरचा खिळा दिसतो. खिळा रिकामा आहे.

त्या खिळ्यावर तारा असायचा. नगरला चर्चच्या मागच्या गल्लीत सगुणाबाई पाटोळेचा तारा सगळ्यांना ठाऊक. बाजारातला प्लास्टिकचा तारा म्हातारीने जन्मात कधी घरात येऊ दिला नाही. बांबूच्या कामट्या, लाल पतंगी कागद, घरी शिजवलेली खळ आणि आत एक दिवा. नाताळाआधी चार आठवडे, आगमनाच्या पहिल्या रविवारी, उपासनेहून आलं की तारा वर चढायचा, आणि जानेवारीच्या सहा तारखेला, ताऱ्याच्या मागे निघालेले ज्ञानी लोक बाळ येशूपाशी पोचले की खाली उतरायचा. त्याआधी नाही. एक तारखेला कुणी आवराआवर करताना दिसलं की म्हातारी भर गल्लीत उभी राहून विचारायची, "काय गं, त्या बिचाऱ्यांना अर्ध्या वाटेत अंधारात सोडलंत का?" लोक हसायचे. तबिताही हसायची, पहिली काही वर्षं.

"ऊठ की गं. खळ लागायला आली."

आवाज स्वयंपाकघरातून येतो. तबिता उठते, पदर खोचते, आत पाऊल टाकते, तर आत चर्च आहे. बाकं रिकामी. मधल्या वाटेत सगुणाबाई फतकल मारून बसली आहे. पुढ्यात स्टोव्ह, स्टोव्हवर पातेलं. अंगावर तीच मोतिया साडी, जी नेसवून तिला शवपेटीत ठेवलं होतं. गुडघे मात्र छान दुमडलेले आहेत, कित्येक वर्षांत दुमडले नव्हते तसे.

"गुडघे बरे झाले की तुमचे, आत्याबाई," तबिता म्हणते.

"तेवढंच बरं झालं. ढवळ. गुठळ्या झाल्या तर कागद बसत नाही."

तबिता पळी शोधते. पळी कुठेच नाही. मग ती सरळ हात घालते. खळ पोळत नाही, कोमट आहे. खोटं कशाला बोला, सासू भेटल्याचा तिला आनंद वगैरे काही होत नाही. उलट रागच येतो. आई जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं रोज झोपताना तिने मनात म्हटलं, आई, एकदा तरी ये, स्वप्नात का होईना. आई आली नाही. आणि आली कोण, तर ही! जिवंत होती तेव्हाही हिलाच आधी वाढायचं, आणि मेल्यावरही पहिला मान हिचाच.

"माझी आई भेटली का तुम्हाला?" तबिता विचारते.

"मला काय ठाऊक. इथं कुणी कुणाची ओळख करून देत नाही."

"विचारायचं होतंत."

"काय विचारू? तू कधी तिच्याविषयी दोन शब्द बोललीस का माझ्याशी?"

"तुम्ही बोलू दिलंत कधी?"

सगुणाबाई लाल कागदाला घडी घालते आणि दाताने फाडते. कात्री असतानाही ती दातानेच फाडायची.

आता त्या एसटीत बसल्या आहेत. तबिता खिडकीशी, तिचा हात अजून खळीने बरबटलेला. सासू शेजारी, मांडीवर कामट्यांचा सांगाडा. गाडीत दुसरं कुणी नाही. पुढे ड्रायव्हरही दिसत नाही, तरी गाडी चालली आहे आणि बाहेर वांबोरीची शेतं मागे पळताहेत. तबिताचं माहेर वांबोरीचं. रस्त्याकडेचं कडुनिंबाचं झाड दिसतं, त्यामागे घर, घराचं दार सताड उघडं.

"थांबवा! वांबोरी आली!" तबिता ओरडते.

"गाडी इथं थांबत नाही," सासू कामट्या सुतळीने बांधत म्हणते. "आणि त्या दिवशी थांबली होती, तेव्हा तरी तुला कुठं वेळेत पोचता आलं?"

तबिताच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवसाचं सगळं तिला पाठ आहे. तेव्हाही डिसेंबरच होता, दारावर तारा चढलेला होता. सकाळी निरोप आला, आई गेली. रडत रडत पिशवी भरताना ती सासूला म्हणाली होती, "आत्याबाई, तेवढा तारा उतरवू या. माझी आई गेली हो." सासू खाटेवर बसून चहा पीत होती. बशी खाली न ठेवताच ती म्हणाली, "चढलेला तारा सहा तारखेशिवाय उतरत नाही. ज्ञानी लोक अजून वाटेत आहेत. आणि दुःख तुझ्या माहेरात झालंय, या घरात नाही." नवरा, शांतवन, तिथेच दाराशी चपला घालत होता. तो म्हणाला, "चल लवकर, गाडी चुकेल." गाडी चुकलीच. पुढच्या गाडीने पोचेपर्यंत पेटीला खिळे मारून झाले होते, आणि तबिताला आईचं तोंड दिसलं नाही.

माती देऊन झाली. नात्यातलं कुणी आजारी म्हणून शांतवन कबरस्थानातून थेट त्यांच्याकडे गेला, आणि तबिताला परत सोडायला तिचा भाऊ दानिएल आला. संध्याकाळ झालेली. गल्लीच्या तोंडापासूनच दिसत होतं, घरावर लालभडक तारा पेटलेला. भाऊ उंबऱ्याशी थांबला, वर बघितलं, आणि बहिणीची पिशवी खाली ठेवली. "ताई, तुमच्याकडं सण चालू आहे. मी आत येत नाही." पाण्याचा घोटही न घेता तो फिरला. त्याने तो उंबरा पुन्हा कधी ओलांडला नाही. सगुणाबाईच्या मातीलाही तो आला, तर थेट कबरस्थानात, आणि तिथूनच गेला.

"आणि यंदा?" एसटीतल्या एसटीत तबिता मोठ्याने म्हणते. "यंदा काय झालं ठाऊक आहे का तुम्हाला?"

"सांग की."

"तारा चढलेला होता, आत्याबाई. तुम्हीच खाटेवर बसून कागद चिकटवला होता. चार दिवसांत तुम्ही दवाखान्यात गेलात. तुम्ही गेल्याचा फोन आला, आणि तुम्हाला घरी आणायच्या आधी, लोक जमायच्या आधी, तुमच्या लेकाने स्टूल मागितलं. एका झटक्यात तारा खाली. इतक्या घाईत, की कागद फाटला. ज्ञानी लोकांचं काय, कुणी विचारलं नाही. सहा तारीख कुणाला आठवली नाही. मला म्हणाले, स्टूल धर. मी धरलं."

गाडी नाही आता. दोघी घराच्या दारात उभ्या आहेत. दार तेच, गल्ली तीच, पण गल्लीत एकाही घरावर दिवा नाही, आणि मधोमध तेच स्टूल आहे, पाय नुसते लांबच लांब वाढलेले, वरची फळी पार अंधारात गेलेली. सगुणाबाई मान वर करून त्याच्याकडे बघते.

"उतरवला होय," ती म्हणते. "सहाच्या आधी."

"तुमच्यासाठी उतरला. माझ्या आईसाठी उतरला नाही. तेवढं एक उत्तर द्या मला. नऊ वर्षं झाली मी जेवते, झोपते, प्रार्थनेला बसते, आणि घशात हेच अडकलेलं असतं. माझी आई माणूस नव्हती का? चुकलं म्हणा, आत्याबाई. एकदा म्हणा. मी कुणाला सांगणार नाही."

"नाही म्हणणार."

"मेल्यावरही नाही?"

"मेल्यावर स्वभाव बदलतो असं तुला कुणी सांगितलं?" सासू खाली उंबऱ्यावर बसते आणि पाय पसरते. "मी असते तर माझ्या मरणालाही उतरवू दिला नसता. सहा म्हणजे सहा. मी कठीण बाई होते, तबिता, पण दोन मापं नव्हती माझी."

"म्हणजे माझा रागही खोटा का आता?"

"खोटा नाही. चुकीच्या घरी दिलास." सासूच्या आवाजात ना माया ना राग, भाजीचा भाव सांगावा तशी ती बोलते. "मी खाटेवर बसून नाही म्हणाले. माझे गुडघे तेव्हा मोरीपर्यंत जात नव्हते. मी काय स्टुलावर चढून तारा धरून बसणार होते? तुझा नवरा तिथं उभा होता ना, दाराशी, धडधाकट. हात वर केला असता तर काढला असता. मी दोन शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस तोंड फुगवलं असतं, आणि मग चहा मागितला असता. माझ्यासाठी स्टुलावर चढला तेव्हा कुणाला विचारलं त्यानं?"

तबिता मान वळवून स्टुलाकडे बघते.

"विचारलं का?"

"नाही."

"मग तुझ्या आईच्या वेळी चपला कशाला घालत बसला होता?"

तबिता म्हणते, "ते तुम्हाला घाबरायचे." म्हणते खरी, पण शब्द तोंडातच कडू होतात. जो आईला इतका घाबरतो, तो आईने नको म्हटलेली मोटारसायकल कशी घेतो? तिला न विचारता मळ्यातला वाटा कसा विकतो?

"तुलाही हे तेव्हाच ठाऊक होतं," सासू म्हणते. "पण माझ्यावर रागावणं तुला परवडत होतं. सासूच होते मी. सासूवर चिडलं तर गल्लीही तुझ्या बाजूनं. त्याच्यावर चिडली असतीस तर रात्री त्याच्याच शेजारी झोपायचं होतं, त्याच्याच ताटात वाढायचं होतं. म्हणून त्याचाही राग माझ्याच अंगावर टाकलास. मी झेलला. म्हातारीला काय, अजून एक गोधडी."

"मग जिवंतपणी का नाही बोललात हे?"

"माझा लेक आहे तो. मी कशाला बोलू?"

बघा म्हणजे! मरून गेली तरी म्हातारीने लेकाची बाजू सोडली नाही, आणि सुनेची घेतली असंही नाही. तबिताला हसू येतं, आणि त्या हसण्याचंच रडू होतं. सगुणाबाई तिला जवळ घेत नाही. तसं तिने आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. फक्त मांडीवरचा तारा उचलते. फाटलेला कागद लोंबतो आहे.

"हे धर. घट्ट दाब, वाळेस्तोवर सोडू नको. मी चालले."

"कुठं?"

"मला काय ठाऊक. तारा तर तुम्ही काढून ठेवलात."

तबिता दोन्ही हातांनी कागद दाबते. ओल्या खळीत लाल रंग सुटतो, मनगटापर्यंत ओघळ येतात. ती दाबत राहते. वर स्टुलाचे पाय एकेक करून दिसेनासे होतात. चर्चमध्ये कुणीतरी पेटीचा भाता ओढतं, सूर धरतं.

ती जागी होते तेव्हा पेटी खरोखरच वाजते आहे. उद्याच्या उपासनेची तालीम. दारातून चारचं ऊन आत आलं आहे. शांतवन खाटेजवळ उभा आहे, हातात चहाचा कप. आई गेल्यापासून दुपारचा चहा तोच करतो.

"केवढी झोपलीस," तो म्हणतो. "रडत होतीस झोपेत. आईची आठवण आली ना? मलाही येते." मग तो वाकून बघतो. "आणि हाताला काय लागलंय?"

तबिता हात बघते. दोन्ही तळवे लाल, अजून ओलसर. बोटांच्या पेरांवर खळ वाळून पापुद्रे आलेत, नखांतही शिरली आहे. घरात आगमनाच्या रविवारनंतर खळ शिजलेली नाही, आणि फाटका तारा माळ्यावर, पोत्यात बांधून ठेवला आहे. त्या लाल हातांची तिला भीती वाटत नाही. ती उठून बसते आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याला सरळ विचारते.

"माझी आई गेली, तेव्हा तारा का नाही उतरवलात?"

शांतवन चपापतो. "हे काय मधेच? आई नको म्हणाली होती ना तेव्हा. तुझ्यासमोरच म्हणाली."

"आत्याबाईंचं मी आत्याबाईंशी बोलले," तबिता म्हणते. "तुम्ही तुमचं सांगा."

तो दाराकडे बघतो. दाराशी चपला आहेत. तालमीला हाक येईल का, शेजारचं कुणी डोकावेल का, म्हणून तो थांबतो. कुणी येत नाही. तो नुसता कप पुढे करतो. तबिता कप घेते. कपाच्या पांढऱ्या अंगावर तिची पाचही बोटं लाल उमटतात. शांतवन त्या बोटांकडे बघत राहतो, आणि तबिता चहा न पिता, कप तसाच धरून, त्याच्या तोंडाकडे.