बाबांचा बंद डाव

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे बाबा लखनौला निशातगंजच्या आमच्या घरात रोज संध्याकाळी मोबाईलवरच्या बुद्धिबळाला हरवायचे. खेळाडू बेताचेच. छावणीत माणसांशी खेळताना कायम मार खायचे. पण त्या मशीनची खोड त्यांनी बरोबर हेरली होती. सगळी प्यादी समोरासमोर अडकवून टाकायची, वर एक घोडा फुकट द्यायचा आणि मग आपला राजा नुसता इकडून तिकडे हलवत बसायचं.

"मशीन मोजतं, यार. घोडा जास्त आहे म्हणजे आपणच जिंकतोय, असं वाटतं त्याला. वाटच बंद आहे हे दिसत नाही."

बरोबरी मशीनला नको असायची. शेवटी ते स्वतःच्याच राजापुढचं प्यादं ढकलायचं आणि तिथून बाबा आत शिरायचे. मग हसायचे. ते हसणं मला कधीच आवडलं नाही.

त्याच वर्षी मला लग्न करायचं होतं, ऑफिसातल्या एका इथल्याच मुलाशी. बाबांना जावई आपल्यातलाच हवा होता, हे घरात भिंतींनाही माहीत होतं. इकडे मुलीकडच्यांनी मुलाच्या घरी जायचं असतं. तरी त्याची आई रीत मोडून, मिठाई घेऊन आधी आली. बाबांनी काय तो पाहुणचार केला! साबुदाणा वड्यांचा आग्रह, निघताना हात जोडून, "बहनजी, अब हम आएँगे आपके यहाँ."

मी हुरळले. आई माझ्या बाजूने, मामा माझ्या बाजूने, नागपूरची आत्यासुद्धा. एकेक माणूस फुटला की वाटायचं, जिंकले. बाबा नाही म्हणतच नव्हते. "जाऊ की. दिवाळी होऊ दे." मग धुकं. मग आत्याचा गुडघा. मग, जन्मात पंचांग न उघडलेला हा माणूस म्हणाला, "खरमास संपू दे, या महिन्यात इकडे शुभकार्य करत नाहीत." भिजत घोंगडं. लखनौत परतभेटीला न जाणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. इतकी वर्षं इथे काढून बाबांना हे ठाऊक नव्हतं?

शेवटी तो मुलगाच चिडला. हजरतगंजला मेट्रोच्या पायऱ्यांवर म्हणाला, "तुम्हारे पापा ने मेरी माँ की बेइज़्ज़ती की है, और तुम कहती हो सब राज़ी हैं." होळीनंतर त्याचा दुसऱ्या मुलीशी साखरपुडा झाला.

कळलं त्या संध्याकाळी मी बाबांसमोर उभी राहिले. त्यांचा गळा दाबावासा वाटत होता.

"केसाने गळा कापलात माझा."

मोबाईलवरून नजर न उचलता ते म्हणाले, "मी कधी नाही म्हणालो का?"

"मग म्हणायचं होतं! सरळ तोंडावर नाही म्हणायचं!"

"नाही म्हटलं असतं तर त्याच दिवशी बॅग उचलून गेली असतीस त्याच्याकडे. ओळखतो मी तुला."

गेलेच असते.