काळीचं वाण

श्रीगोंद्यात माझा जनावरांचा दवाखाना आहे. जवळच्या वाडीवरचा एक शेतकरी तिथे येतो, पण खुर्चीवर कधी बसत नाही. उंबऱ्याशी उकिडवा बसून आपल्या पांढऱ्या आणि काळ्या अशा दोन कारवानी शिकारी कुत्र्यांच्या वाणांची तुलना करतो. "पांढरीची पिल्लं हाक मारली की माघारी येत्यात. काळीची न्हाई. ससा दिसला की कान बंद!"

सशाची शिकार कायद्याने बंद आहे, असं मी दटावलं की हसतो. "आमी कुठं मारतो, डॉक्टरीनबाई? नुसतं पळिवतो."

काळीची पिल्लं अशीच गेली. एक सशामागे विहिरीत, एक ट्रकखाली. त्या वाणातली शेवटची कुत्री परवा त्याने उचलून आणली. तारेच्या कुंपणाने पोट फाटलं होतं.

"वाचेल," मी म्हणाले.

तो बराच वेळ तिच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिला. "टाकं घालतानाच पिशवी बी काढा. पिल्लं नगं आता."

"वाण संपेल तुमचं."

"व्हय. लई पुरली म्या."

मी भूल दिली. ती चढत होती तरी कुत्रीचे पाय पळतच होते. ते थांबेपर्यंत त्याने दोन्ही हातांत धरून ठेवले.