आईनं डोकं धुतलं की

रविवारी सकाळी आईनं शिकेकाई उकळायला ठेवली की मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचे. माझं डोकं धुवायचं म्हणजे आप्पा आज दारू सोडायची शपथ घेणार, आणि तीही माझ्या डोक्यावर हात ठेवून. देवाच्या कामाला पारोसं डोकं चालत नाही, असं आईचं म्हणणं. मी तेव्हा तिसरीत होते. भाऊबहीण कुणी नाही, म्हणजे घरात शपथेला डोकं एकच, माझं.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. आप्पा कापडगिरणीत होते आणि पाळी सुटली की गुत्ता गाठायचे. आई घरी विड्या वळायची.

पहिली शपथ सिद्धेश्वराच्या देवळात झाली. दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या एका आगाऊ कार्टीनं मला समजावलं, की असली शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला ते माणूस मरतं. झालं! तेव्हापासून संध्याकाळी मी दारातच उभी. आप्पा आले की मला उचला म्हणायचं आणि हळूच तोंडाचा वास घ्यायचा. वास नसला की आजच्यापुरती जगले. एका संध्याकाळी वास आला, आणि दोन दिवसांनी मी तापानं फणफणले. टायफॉइड, डॉक्टर म्हणाले. सगळ्या गल्लीत टायफॉइडची साथ होती हो, पण आमच्या घरात ते ऐकून कोण घेणार? आई आप्पांकडं नुसती बघत राहायची. आप्पा त्यानंतर जास्तच प्यायला लागले.

मी वाचले. आईनं निष्कर्ष काढला, की शपथच कच्ची होती, आता पक्की घ्यायची. गावाबाहेर एका मठात दारू सोडवतात असं तिला कुणीतरी सांगितलं. तिथं बायका नवऱ्यांना आणि पोरांना घेऊन रांगेत बसलेल्या. आमची पाळी आली तसे आप्पा उठले आणि चपला तिथंच टाकून अनवाणी निघून गेले, ते थेट गुत्त्यावर. आई वाटभर शिव्या देत होती. मला मात्र हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, की सात रस्त्याच्या चौकाजवळ एका शाळेत रविवारी संध्याकाळी दारू सोडलेल्या माणसांची मिटिंग असते. आईनं पुन्हा शिकेकाई उकळली.

वर्गात मोठे बाप्ये पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेले. ना देव, ना महाराज, ना उदबत्ती. एकेक जण उठून आपण कसे प्यायचो ते सांगत होता. आईला ही तऱ्हा काही पटेना. आप्पांची पाळी आली, तसे ते उठून दाराकडं बघायला लागले. तशी आईनं मला दंडाला धरून पुढं ढकललं.

"ठिवा हिच्या डोक्यावर हात, आन सांगा समद्यांम्होरं, जल्मात शिवणार न्हाय म्हणून."

आप्पांचा हात वर आला. मी डोळे गच्च मिटले. आता काही मी वाचत नाही, एवढंच डोक्यात.

"ताई, पोरीला मागं घ्या," चहा वाटणारे एक म्हातारे म्हणाले. "हितं शपथ नसती. आज प्यायची न्हाय, एवढंच हाय."

आई भडकलीच. आज नाही म्हणजे काय? आणि उद्या प्याले तर? म्हातारे म्हणाले, तरी इथंच यायचं. असली सवलत तर गुत्तेवालापण देत नाही, असं आई सगळ्यांदेखत बोलली.

आप्पांनी हात खाली घेतला.

"हिच्या डोक्यावर हात ठिवून प्यालो मी," ते म्हणाले. "पोर मरता मरता वाचली. तवापास्नं हिच्याकडं बघायचं म्हटलं तरी आदी घोट लागतो."

पुढच्या बाकावरचा माणूस जरा सरकला आणि आप्पा त्याच्याशेजारी बसले. तोवर मला वाटायचं, भीती काय ती एकट्या मलाच आहे.

परतताना आई तणतणत पुढं निघाली. सात रस्त्याला सायकली, टांगे, एसटीच्या गाड्या, नुसता गोंधळ. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी झटकन खाली बसले.

"शपथ न्हाय गं," आप्पा म्हणाले. "रस्ता वलांडायचाय."

दिवाळीच्या तोंडावर ते एकदा प्यालेच. दारात मला वास आला. मी गुपचूप अंथरूण घातलं आणि ताप यायची वाट बघत पडले. सकाळ झाली तरी अंग गारच. आईनं दोनदोनदा कपाळाला हात लावून पाहिला, माझ्याजवळ बसून पदरानं डोळे पुसले आणि मग शाळेला उशीर होतोय म्हणून मला हलवून उठवलं.

त्या रविवारी तिनं शिकेकाई उकळली नाही. संध्याकाळी विड्या वळता वळता, वर न बघताच आप्पांना म्हणाली, "जावा की आता, मिटिंगची येळ झाली."