पालथं पडून ऐकलेला तिसरा खंड

"रेटिना सुटलाय," डॉक्टर म्हणाले. "कधीपासून दिसत नाही?"

"चार दिवस," मी म्हणाले. इतके दिवस का थांबलात, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगायची लाज वाटली असती. कादंबरीच्या दुसऱ्या खंडाची दीडशे पानं उरली होती, म्हणून थांबले होते.

रेटिनल डिटॅचमेंट म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या भिंतीवर जो पातळ पडदा असतो, तो भिंतीपासून सुटणं. मला उणे नऊचा चष्मा. मोठ्या नंबरवाल्यांना हा धोका जास्त. आधी उजव्या डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, मग काळे ठिपके तरंगू लागले, मग कडेनं अंधार सरकत आला. मी शाळेत शिकवते, अडाणी नाही. तरी डाव्या डोळ्यानं वाचत राहिले, कारण कादंबरीत किल्ल्याला वेढा पडला होता.

तुमच्यापैकी कुणाला असं दिसलं तर पुस्तक तिथंच मिटा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, सुटायच्या आत पोचलं तर नजर बरीच वाचते. माझा सुटला होता.

दुसऱ्या दिवशी परभणीतच व्हिट्रेक्टॉमी झाली. डोळ्यातला जेलीसारखा गर काढतात, पडदा जागेवर बसवतात आणि तो दाबून धरायला आत गॅसचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वर जातो, म्हणून आपण तोंड खाली करून राहायचं. आठ दिवस. जेवताना, झोपताना, मोरीत जातानाही मान खालीच. पहिल्या दिवशी मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी मान, खांदे, कपाळ, सगळं ठणकायला लागलं आणि फरशीचा कंटाळा आला. मी इतकी दमले होते की 'कसं वाटतंय' विचारणाऱ्यांचाही राग यायचा.

चौथ्या दिवशी बाबांना म्हणाले, तिसरा खंड वाचून दाखवा.

बाबा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, ते बाबाच करतात. कादंबरी मात्र त्यांनी जन्मात वाचलेली नव्हती. ते सेलूच्या घरात माझ्या पलंगाशेजारी मांडी घालून बसले आणि राजे, राक्षस, उडते घोडे सगळं त्या विहारातल्या आवाजात, थांबत थांबत वाचू लागले. प्रकरण संपलं की विचारायचे, "इथवर कुनाला काही शंका?" ऐकणारी मी एकटी.

शंका त्यांनाच आली. म्हशी राखणारी नायिका राजाची हरवलेली मुलगी निघते आणि राजरक्त ओळखून तलवार चमकते, तिथं ते थांबले.

"म्हशी राखायची तवर पोरगी लय चांगली चालली होती. मधीच राजाची लेक कशाला काढली? म्हशी राखनारीच्या हातात तलवार चमकत न्हाई व्हय? म्हंजे पुन्हा जलमावरच आलं की, माय."

मला राग आला. पण तलवार फक्त राजरक्तालाच ओळखते हे पहिल्या खंडापासून लिहिलेलं असूनही, दोन हजार पानं वाचून मला हा प्रश्न पडला नव्हता, आणि आमच्या घरात तो पहिल्या खंडातच पडायला हवा होता.

पुढं एक वैदूबाई आंधळ्या सैनिकाच्या डोळ्यांवर हात ठेवते आणि त्याला दिसू लागतं. पाऊण पानात. लेखक कधी पालथा पडलेला नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या राज्यात जखमी खूप, पण कुणी नंबर लावून बसत नाही, कुणाची मान आखडत नाही. बाबा नुसतं "ह्या!" म्हणाले आणि पान उलटलं. चमत्कार आमच्या घरात चालत नाहीत.

खंड संपला. शेवट बरा आहे; नायिकेला राज्य मिळतं. ते मिळालं काय नि न मिळालं काय, मला सारखंच.

सहा आठवड्यांनी गॅस विरला. बाकावर तीन तास बसल्यावर नंबर आला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "पडदा छान बसलाय. पण मॅक्युलाला मार लागलाय. या डोळ्यानं वाचता येईल असं मी सांगणार नाही."

मी मान हलवली. बाबा मागं उभे होते, ते पुढं आले.

"साहेब, माझा एक काढून हिला बसवा. मला एक बास हाय."

"काका, अख्खा डोळा बदलता येत नाही," डॉक्टर समजावू लागले. "फक्त कॉर्निया, म्हणजे पुढची काच बदलता येते. ती यांची चांगलीच आहे."

"मग दुसरं काही हाय का, साहेब?" बाबा म्हणाले. "काईबी."

डॉक्टरांनी थेंबांची चिठ्ठी लिहून दिली. मला बाबांकडे बघवलं नाही.

आता डावा डोळा वीस पानांत थकतो. उजव्याला ओळी वाकड्या दिसतात आणि रस्त्यावर उजवीकडून येणारी गाडी नीट कळत नाही. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडलो, आणि ते गपचूप माझ्या उजव्या बाजूला आले. अजून तिकडूनच चालतात.