ताकदीची सुई

"हेपॅटोमा आहे," बेळगावच्या वॉर्डातले डॉक्टर म्हणाले. हेपॅटोमा म्हणजे लिव्हरचा, यकृताचा कॅन्सर. ऑपरेशनच्या पलीकडं गेलेला. हे त्यांनी माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, सांगितलं नाही. मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. मी निपाणीच्या एका दवाखान्यात कंपाउंडर, मला समजेल असं त्यांना वाटलं. समजलं. त्यांना वाटलं त्यापेक्षा जास्तच समजलं.

ते जास्तीचं आज लिहितोय. कुणाच्या घरी असा आजार आला तर उपयोगी पडेल म्हणून, आणि गप्प राहून दमलो म्हणूनही.

अण्णा तंबाखूच्या वखारीत हमाल. पन्नाशीही गाठली नव्हती. उन्हाळ्यात उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. पोतं लागलं असेल म्हणून महिनाभर शेक घेतला. मग जेवण तुटलं, हातपाय वाळले आणि पोट तेवढं वाढत गेलं. याला असायटिस म्हणतात, पोटात पाणी साठणं. पाणी काढायचे, आठवड्यात पुन्हा भरायचं. अल्फा-फीटोप्रोटीन नावाची रक्ताची एक तपासणी असते. लिव्हरच्या कॅन्सरात त्याचं प्रमाण बहुतेक वाढतं. रक्त मुंबईला पाठवलं आणि उत्तराची वाट बघत बसलो. मी बेळगावातच, खासबागेत, ओळखीच्यांकडं राहायचो. सकाळी भरलेला डबा घेऊन चालत यायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन चालत जायचं. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

उत्तर आलं, प्रमाण वाढलेलंच होतं; त्यानंतर एका दुपारी एक डॉक्टरबाई आल्या. त्या वॉर्डातल्या नव्हत्या. कावीळ आणि लिव्हरचा कॅन्सर यांचं नातं काय, हे शोधायचं त्यांचं काम. काखेत छापील फॉर्मांचा गठ्ठा.

"तुमच्या रक्तात ऑस्ट्रेलिया अँटिजेन सापडलंय," त्या म्हणाल्या. अँटिजेन म्हणजे इथं हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूची खूण. पहिल्यांदा तिकडच्या माणसाच्या रक्तात दिसली, म्हणून ते नाव. कावीळ उतरते, पण काहींच्या रक्तात विषाणू वर्षानुवर्षं मुक्काम करतो, आणि त्यातल्या काहींना पुढं कॅन्सर गाठतो.

अण्णा हसला. "बाई, मी कणकुंबीच्या घाटापलीकडं गेलो न्हाय. माझ्या रक्तात ऑस्ट्रेलिया कवा शिरली?"

बाईही हसल्या. मग एकेक प्रश्न. रक्त चढवलंय? गोंदून घेतलंय? कावीळ कधी झाली होती?

"व्हय. झाली बारा-तेरा वर्षं."

"त्याच्या आधी इंजेक्शनं घेतली होती?"

अण्णानं माझ्याकडं बघितलं. "न्हाय. सुईला लई भितो मी."

बाईंनी लिहून घेतलं. मी उशाशी उभा होतो.

घेतली होती. मीच दिली होती. त्या काळात लिव्हर एक्स्ट्रॅक्टची, म्हणजे जनावराच्या लिव्हरच्या अर्काची, इंजेक्शनं ताकदीसाठी द्यायचे. वखारीतली माणसं, विड्या वळणाऱ्या बायका, सगळे 'ताकदीची सुई' मागायचे. काचेची एकच सिरिंज. दर पेशंटनंतर ती सुईसकट उकळायची, हा नियम मला पाठ होता. बाजाराच्या दिवशी गर्दीत मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून भागवायचो. दवाखाना बंद होताना अण्णा वखारीतून यायचा. बाटलीत तळाला थोडं औषध उरलेलं असायचं. तेवढं भावाच्या अंगाला लागू दे, म्हणून मी त्याच सिरिंजनं त्याला द्यायचो. स्टोव्ह तोवर विझवलेला असायचा. पुन्हा पेटवायचा कंटाळा. एवढंच कारण. दुसरं मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

त्या पावसाळ्यात अण्णाला कावीळ झाली. गल्लीत आणखी तिघांना झाली. मी पाण्याला दोष दिला. सुईचं मनात एकदा आलंवतं, ते तिथंच दाबलं.

बाई गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, खोटं का बोललास?"

"तुझ्या हातची सुई घेतलेली माणसं अजून तुला रामराम करत्यात. ती दगडं घेऊन येतील. गप बस दत्त्या."

मी गप्प बसलो. सोयीचंच होतं. अण्णाला निपाणीला आणलं आणि दीड महिन्यात तो गेला.

बाराव्यानंतर वैनी भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, मला बी दिलीवती की तुम्ही. धाकटीच्या वेळच्या बाळंतपणानंतर." आवाजात राग नव्हता. मी दुसऱ्या दिवशी बेळगावची बस धरली.

डॉक्टरबाईंनी तो फॉर्म शोधून काढला. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "माझं नाव लिहा."

"देणाऱ्याच्या नावाला इथं जागा नाही," त्या म्हणाल्या. "सिरिंज उकळली होती का, तेवढं सांगा."

"नाही."

त्यांनी जुनं उत्तर खोडलं. "तुमच्याच सुईनं झालं असं मला सिद्ध करता येणार नाही. आईकडून जन्मताच आलं असेल. तुमच्यामुळं नाही झालं असंही म्हणणार नाही. आणखी कुणाला दिली होती?"

मी आठवेल तसा घरोघर फिरलो. रक्त तपासून घ्या, मी सुई उकळली नव्हती, हे दारात उभं राहून सांगायचं. कुणी दार लावलं. कुणी शिव्या दिल्या. विड्या वळणारी एक म्हातारी आक्का म्हणाली, "आता आणि टोचायला आलास व्हय रं मुडद्या?" आणि दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला सगळ्यांत आधी तीच येऊन बसली.

दोघांच्या रक्तात अँटिजेन निघालं. ते अजून हिंडतेफिरते आहेत, दर सहा महिन्यांनी मी त्यांना बेळगावला घेऊन जातो. वैनींच्या रक्तात काही निघालं नाही.

वाचणाऱ्यांनी एवढंच करावं. सुई टोचून घेण्याआधी विचारावं, उकळली का? देणाऱ्याला राग आला तर येऊ द्यावा.

रक्त काढायचं त्या सकाळी डॉक्टरबाई निपाणीला आल्या होत्या. मी कोपऱ्यात स्टोव्हपाशी बसलो होतो. बाईंनी सिरिंज उकळायला भांड्यात टाकली तशा वैनी म्हणाल्या, "बाई, भावजींनाच काढू दे." आणि पदर सारून त्यांनी हात माझ्यापुढं केला.

भांड्यात पाणी नुकतंच खळखळायला लागलं होतं.

"थांबा वैनी," मी म्हणालो. "अजून वेळ आहे."

त्या हात तसाच धरून बसल्या.