कपाळापर्यंत आलेला फोटो

पाथर्डीकडच्या आमच्या वाडीत फोन एकट्या गुरुजींकडे होता. त्यांच्या मुलाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतं आणि फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा आतला मोडेम काही केल्या चालत नव्हता. मी त्यांचाच विद्यार्थी, वाडीतला पहिला पदवीधर, म्हणून तालुक्याहून सीडीवर मोडेमचं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, आणून बसवायचं काम माझ्याकडे आलं. जमलं नाही की गुरुजी रुमालाने स्क्रीन पुसत आणि थकल्या आवाजात म्हणत, "चला, पुन्हा पहिल्यापासून." वर्गातही ते हेच म्हणायचे.

एका संध्याकाळी मोडेम किर्रर्र करत लागला. परदेशातल्या मुलाने पाठवलेला, कधीच न पाहिलेल्या नातवाचा फोटो वरून हळूहळू उतरू लागला. जावळ आलं, कपाळ आलं. तेवढ्यात शेजारची म्हातारी ओट्यावर येऊन बसली. ऊसतोडीला गेलेल्या तिच्या मुलाचा फोन याच वेळी यायचा.

"गुरुजी, आला का वं फोन?"

"येईल आता," म्हणत त्यांनी मोडेमची वायर काढून फोनला लावली.

"गुरुजी, डोळे तरी येऊ द्यायचे!" मी म्हणालो.

"अरे, हिचा मुलगा तिकडं बूथवर ताटकळला असेल."

फोन वाजला. म्हातारी ओरडून विचारत होती, "जेवलास का रं?" गुरुजी रुमालाने स्क्रीन पुसत ते कपाळ बघत होते.